मर्व टलकचे हात

मर्व टलक हा मारका माणूस होता, आणि हे मी त्याला तोंडावर कितीदा तरी सांगितलंय. तरुणपणी तो जत्रेतल्या तंबूत पैजेवर मुष्टियुद्ध खेळायचा. तिथे नाक मोडून घेतलं आणि मग आमच्या गावच्या कत्तलखान्यात येऊन सुरी धरली. मी टेबलाच्या पलीकडे, त्याच्या समोर उभी असायची. रात्रभर गारठवलेलं बैलाचं धूड साखळीवरून लटकत यायचं. मर्व त्याची तंगडी बगलेत दाबायचा, सुरी हाडाला भिडवायचा आणि असा हिसका द्यायचा की मांस हाडावरून फाटल्याचा आवाज व्हायचा. पुढची चरबी छाटायचं काम माझं. अख्ख्या क्वीन्सलँड राज्यात आपल्यासारखा हात नाही असं तो स्वतःच सांगायचा, आणि दुर्दैवाने ते खरं होतं.

मग आतड्याचा कॅन्सर निघाला. सर्जनने आतड्याचा तुकडा कापून काढला, तर याचा पहिला प्रश्न, "काप सरळ आलाय ना?" उरलंसुरलं मारायला औषध द्यायचं ठरलं. त्याची बायको ग्लेनिस वृद्धाश्रमात कामाला होती, तिला सारखी रजा मिळेना. म्हणून मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात त्याला न्यायची कामगिरी माझ्यावर आली. माझा नवरा पळून गेला होता, पण गाडी ठेवून गेला होता.

तिथली नर्स रोवेना, फिलिपिन्सहून नुकतीच आलेली. मर्वच्या छातीत कातडीखाली बसवलेल्या डबीत सुई टोचता टोचता तिने समजावलं, "हे औषध आंधळं आहे. जी पेशी दोन व्हायला निघाली, तिचा ते गळा धरतं. कॅन्सरच्या पेशी सारख्या दोन होत असतात, म्हणून त्या जास्त मरतात. पण तोंडाच्या आतली कातडी, आतडं, हाडातला रक्त बनवणारा मगज, इथल्या पेशीही तशाच घाईच्या. त्यांनाही मार बसणार."

"बसू दे," मर्व म्हणाला.

"यातल्या एका औषधात प्लॅटिनम आहे. ते नसांवर चढतं. थंड काही प्यायचं नाही, थंड काही धरायचं नाही. बोटांना मुंग्या येतील. आल्या आणि गेल्या तर ठीक. पण पुढच्या डोसापर्यंत टिकल्या तर मला लगेच सांगायचं."

"प्लॅटिनम!" मर्व माझ्याकडे वळला. "ग्लेनिसला मी साधी सोन्याची अंगठी दिली. तिला सांगू नकोस हां, मार्लीन."

दोन दिवस डबीला जोडलेली औषधाची बाटली कमरेला लटकवून तो घरी ओकत पडला. बाटली निघाली त्या संध्याकाळी मात्र पबमध्ये हजर. मी म्हटलं, अरे, थंड प्यायचं नाही. तो म्हणाला, "हे थंड नाही, ही बियर आहे." पहिला घोट घेतला आणि त्याचे डोळे बाहेर आले. घसा आवळला. ग्लास फुटला, स्टूल उलटलं. एक लॉरीवाला पाठ थोपटायला धावला, तर मर्वला वाटलं मागून कुणी गळा दाबतंय. वळून त्याने अशी एक ठेवून दिली की बिचाऱ्याचा दात बारवर पडला. "हवा आत जातेय," मर्व नंतर माझ्या कानात म्हणाला, "पण जात नाही असं वाटतं गं." तेव्हापासून तो कोमट बियर प्यायचा. आमच्या गावात याहून मोठी बेअब्रू नाही.

पुढे तोंड आतून फाटलं. मिठाच्या गुळण्या करताना तो भिंतीवर डोकं आपटायचा. न्हाणीघराचं दार त्याने लाथेने फोडलं. ग्लेनिस ओरडायची, "कॅन्सरने नाही मेलास ना, तर मी मारीन तुला!" पण त्याला मरणाची भीती नव्हती. गाडीत एकदा म्हणाला, "जगलो आणि सुरी सुटली, तर करू काय? ग्लेनिसची मांजरं सांभाळू?" मधल्या आठवड्यांत तो कामावर यायचा, लोकरीचे हातमोजे घालून. डॉक्टरने परवानगी दिलीय म्हणायचा. बैल लोळवणाऱ्या माणसाची कोण उलटतपासणी करणार?

दर खेपेला रोवेना विचारायची, "बोटं कशी आहेत?" दर खेपेला मर्व म्हणायचा, "वाईट नाही."

आता आमच्याकडे बैल अंगावरून गेला तरी "कसं काय?" चं उत्तर "वाईट नाही" हेच असतं. बाई जुळ्यांना जन्म देऊन उठली, वाईट नाही. घर जळलं, वाईट नाही. रोवेनाला हे कुणी सांगितलं होतं? तिने शब्दाचा सरळ अर्थ घेतला आणि औषधाची पुढची पिशवी लावली.

मग एक दिवस टेबलावर माझ्याकडे सरकत आलेल्या तुकड्यावर लाल धार होती. गारठलेल्या मांसाला रक्त येत नसतं. मी वर पाहिलं.

"मर्व, हात बघ."

"काय बघतेस? काम कर."

पोलादी जाळीचा मोजा डाव्या हातात असतो, सुरीच्या हातात नुसता लोकरीचा. त्याची मूठ दांड्यावरून घसरून पात्यावर आली होती, आणि तो पातंच आवळून हाडावर जोर लावत होता. लोकर फाटून बोटं उघडली होती, आतले पांढरे दोर दिसत होते. तो ओढतच होता. मी टेबलावर चढले आणि त्याच्या कानाखाली जाळ काढला. तरी सुरी सोडेना, कारण आपण काय धरलंय हेच त्याला कळत नव्हतं. एकेक बोट मी उलगडून काढलं.

जवळच्या दवाखान्याने पट्टी बांधून त्याला मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. बातमी कळताच रोवेना वरच्या मजल्यावरून धावत खाली आली.

"मुंग्या कधीपासून आहेत?"

"आता मुंग्या नाहीत."

"मग?"

"काहीच नाही, पोरी. दोन्ही हातांत."

ती छोटीशी मुलगी अशी किंचाळली की टाके घालणाऱ्या डॉक्टरची सुई थांबली. "दर वेळी विचारलं मी! वाईट नाही म्हणालात!"

"मग काय रडायचं होतं?"

"हो! रडायचं होतं! ते एक औषध थांबवलं असतं, दुसरं चालू ठेवलं असतं. हात वाचले असते तुमचे!"

"थांबवायचं म्हणजे हरलो म्हणायचं," मर्व म्हणाला. "आणि तुम्ही सुरी काढून घेतली असती."

रोवेना एवढंच म्हणाली की काही बोटांत जाणीव हळूहळू परत येईल, महिने लागतील, आणि काहींत येणारही नाही. मला तिची दया आली आणि मर्वला तिथेच बडवावंसं वाटलं.

तेवढ्यात ग्लेनिस आली, कामाच्या कपड्यांतच. आल्या आल्या खाटेला लाथ घातली. जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. मग त्याच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसली, चादरीखाली हात घालून त्याचा हात दोन्ही मुठींत आवळला. तिच्या दंडाच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या.

मर्वचं लक्ष उजवीकडे, टाके घालणाऱ्या डॉक्टरकडे होतं. मान न वळवता तो मला हळूच म्हणाला, "फारच चिडलीय का गं ती? आल्यापासून हातसुद्धा धरला नाही माझा."

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं. मग मुठीतला त्याचा हात तिने चादरीबाहेर काढला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला. तिची नखं त्याच्या कातडीत रुतली होती आणि तिथून रक्त येत होतं.