वहिनीचा इंग्रजीचा पेपर

आमच्या द्रौपदावहिनीला बसता येत नाही. खरंच सांगते, चहासुद्धा उभ्यानं पिते. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरापोरींसाठी तिची मेस आहे. पहाटे पाचपासून हातात लाटणं, नाहीतर झारा. मी तिची धाकटी नणंद, प्रज्ञा. मेसमध्ये तिच्या हाताखाली असते, त्यामुळं तिच्या मागं पळून माझेच पाय दुखतात.

अशी बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी दहावीचा राहिलेला इंग्रजीचा पेपर देणार म्हणाली, तेव्हा भाऊ हसला. मी नाही हसले. मेसच्या लायसनचा फॉर्म भरताना ऑफिसातल्या माणसानं शिक्षणाचा रकाना मोठ्यानं वाचला होता, "दहावी नापास." मागं रांगेत आठ-दहा माणसं. वहिनीनं सही करून फॉर्म दिला. घरी आल्यावर म्हणाली, "प्रज्ञा, मला त्यो शब्द पुसायचाय."

शिकवायला मेसमधली हर्षाली पुढं आली. दुसऱ्या वर्षाला आहे, जिभेनं तिखट. दोन दिवस वही-पेन घेऊन बसली, पण विद्यार्थिनी कुठंय? ती कढईपाशी! तिसऱ्या दिवशी पोरगी वैतागली.

"जाऊ द्या काकू, नका बसू. जे करताय ते करता करता इंग्रजीत बोला. आत्ता काय करताय?"

"चपाती लाटतीय."

"मग म्हणा, आय ॲम रोलिंग चपाती."

झालं! त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात शांतता म्हणून उरली नाही. आय ॲम कटिंग कांदा. डाळ इज बॉइलिंग. प्रज्ञा इज नुसती स्टँडिंग. पोरं मुद्दाम विचारायची, "काकू, व्हॉट आर यू डूइंग?" आणि वहिनी लाटणं उगारून, "आय ॲम कमिंग टू मारिंग यू!" ते जमल्यावर हर्षाली कालचं विचारायला लागली. "काल मी आले तेव्हा काय चाललं होतं?" की वहिनी लगेच, "आय वॉज पीलिंग लसूण." वहिनीला सगळं बरोबर आठवायचं. मी मात्र ते ऐकताना मान खाली घालून कांदे चिरत राहायचे, कारण तिला आणखी एक दिवस तसाच आठवत असणार.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनी नवी नवरी, पण दहावीला बसली होती. नेमके इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी मुंबईचे पाहुणे आले. भाकरी कोण टाकणार? आईनं मला केंद्रावर पिटाळलं. मी अकरा वर्षांची. "सांग, आईला बरं न्हाई, लगीच चल." मी शिपायाला तसंच सांगितलं, वर रडूनही दाखवलं. वहिनी अर्धा पेपर टाकून घरापर्यंत पळत आली, तर आई ओट्यावर पाहुण्यांशी हसत बसलेली. वहिनीनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि पीठ मळायला घेतलं. त्यावर ती आजवर चकार शब्द बोललेली नाही. दोन थोबाडात दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

म्हणून यंदा मार्चमध्ये मंचरच्या केंद्राबाहेर मी ठाण मांडलं. अकरा ते दोन. "आज कुणी तुला बोलवायला येऊ दे, माझ्याशी गाठ हाय," मी म्हणाले. वहिनी हसून आत गेली. इथं माझा जीव थाऱ्यावर नाही. चपला काढ, चपला घाल. गेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. शिपाई म्हणाला, "बाई, पेपर तुमचा हाय का?"

पाऊण वाजता फोन आला. सोपानभाऊ, वहिनीचा नवरा.

"आईला बरं न्हाई. न्हाणीत पडली. हात हालंना. कुणाला हात लावू देत न्हाई, द्रौपदा कुठंय म्हणती. बोलाव तिला भायेर."

अगं बाई! तेच शब्द, आणि या खेपेला खरे. माझे पाय आपोआप गेटकडं वळले. शिपायानं विचारलं, "निरोप हाय का काय?" मी त्याच्याकडं पाठ केली.

"शुद्धीवर हाय का?" मी भावाला विचारलं.

"हाय की, शिव्या घालतीय."

"मग गाडी कर अन् मंचरला दवाखान्यात आण. वहिनी दोनला सुटंल."

"अगं, तुझी आई हाय ती!"

"ठावं हाय मला!" मी एवढ्यानं ओरडले की रस्त्यावरची माणसं बघायला लागली. फोन ठेवला आणि शिपायाला म्हणाले, "निरोप न्हाई."

त्यानंतरचा सव्वा तास कसा काढला ते माझं मला माहीत. आईला काही झालं तर? दवाखान्याकडं जायला दहा वेळा निघाले, दहा वेळा परत फिरले. मी हलले आणि भावानं दुसऱ्या कुणाला पाठवलं म्हणजे? आईची काळजी वाटत होती आणि गेट सोडवत नव्हतं.

दोनची घंटा झाली. वहिनी बाहेर आली, बोटाला शाई, तोंडभर हसू. "समदं लिवलं गं! एक बी सवाल सोडला न्हाई."

"वहिनी," मी म्हणाले, "आईला बरं न्हाई."

तिचं हसू गेलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, अगदी त्या दिवशीसारखं.

"खरं का?"

मी तिथंच रडायला लागले. "या बारीला खरंय वहिनी. पाऊणलाच फोन आलता. मीच बोलावलं न्हाई तुला." तिनं माझा हात धरला आणि रिक्षाला हात केला.

दवाखान्यात आईच्या हाताला प्लास्टर घातलं होतं, बाकी ठीक होती. वहिनी दिसली तशी कडाडली, "कवाधरनं निरोप धाडलाय! कुठं व्हतीस?"

वहिनी तिच्या खाटेवर बसली. चांगली टेकून बसली. आईच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाली, "आत्याबाई, मी पेपर लिवत व्हते."