धावतं समालोचन आणि अडकलेला क्रॉस

मी माझा ट्रक समुद्राच्या पाण्यानं धुवायचो. एकदोनदा नव्हे, अख्खा उन्हाळा. विहीर चढावर, समुद्र समोर. ओहोटीला गाडी पाण्यात उभी करायची आणि बादलीनं सपासप पाणी मारायचं. गाडी चमकायची. मीही चमकायचो.

"शेट, गाडी धुतोस का खारवून ठेवतोस?" मेस्त्री विचारायचा.

मेस्त्री म्हणजे आमच्या जेट्टीच्या रस्त्यावरचा गॅरेजवाला. तुमच्यापैकी कुणी आगरदांड्याच्या बाजूला टेनिस बॉलचे सामने पाहिले असतील, तर त्याचा चेहरा नाही, पण आवाज नक्की आठवेल. रविवारी तो मैदानात भोंग्यावरून समालोचन करायचा आणि बाकीचे दिवस गॅरेजमध्ये. फरक एवढाच, की गॅरेजमध्ये फलंदाज, गोलंदाज आणि समालोचक तोच असायचा. "मंडळी, सामना रंगात आलाय," असं म्हटल्याशिवाय त्याचा हातोडा उचलला जायचा नाही. ऐकायला कुणी नसेल तर समोरच्या टपरीवरची गिऱ्हाइकं बोलावून आणायचा. पंक्चर काढतानासुद्धा.

माझा ट्रक लष्करातून निवृत्त झालेला, चारही चाकांना जोर असलेला. होड्या वाळूवरून ओढून काढायला मी तो घेतला होता. अशा गाडीच्या पुढच्या ॲक्सलमध्ये, चाक वळतं तिथे, दोन्ही बाजूंना युनिव्हर्सल जॉइंट असतो. गॅरेजच्या भाषेत क्रॉस. लोखंडाची एक फुली, तिच्या चार टोकांवर चार टोप्या आणि टोप्यांत सुयांसारखे बारीक रूळ. तो मोकळा असला की चाक फिरतंही आणि वळतंही. माझे दोन्ही क्रॉस खारं पाणी पिऊन गंजले. स्टिअरिंग कुरकुरायला लागलं तेव्हा मी नवे क्रॉस आणले, सीटखाली ठेवले आणि काम झाल्याच्या समाधानात फिरत राहिलो.

मग मावशीची होडी फुटली. मावशी आमच्या शेजारची कोळीण, नवरा गेल्यापासून होडी तीच सांभाळते. खडकाला घासून तळाची फळी उघडली होती. माणसांनी होडी कशीबशी वाळूवर आणून टेकवली. पण दिवस पुनवेचा. दुपारच्या उधाणानं ती उचलली असती, तर मागच्या खडकांवर आपटून तिचं सरपण झालं असतं. तिला भरतीच्या आत वर ओढायला हवी होती. मी ऐटीत ट्रक घेऊन वाळूत उतरलो. वळवायला गेलो तर चाकं वळेनात. जोर लावला तर खालून कडाड आवाज आला.

फळीला लावायला मावशी वाळूतच मांडलेल्या चुलीवर डांबर तापवत होती. ती उठून म्हणाली, "होडी न्यायला आलास, का तिला सोबत करायला?"

मेस्त्री स्कूटरवरून आला तो मागे भोंगा बांधूनच. संध्याकाळी अंतिम सामना होता. त्यानं ट्रकखाली डोकावलं, मग भोवती जमलेली माणसं पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

"मंडळी, सामना रंगात आलाय. भरती गोलंदाजीला आलेली हाय, आणि आमचे शेट पहिल्याच चेंडूवर बाद."

फळ्यांवर जॅक लावून त्यानं चाक आणि त्यामागचं हब उतरवलं, क्रॉस असलेला शाफ्ट बाहेर ओढला. क्रॉस तसूभर हलेना. त्यानं शाफ्टचं तोंड सरळ मावशीच्या चुलीत घातलं. तापल्यावर टोपीवर पान्याची जाड लोखंडी गोटी टेकवली आणि घाव घालायला लागला. "पहिला घाव, तटवला. दुसरा, हलला, हलला, पंचांकडे जोरदार अपील..." तिसऱ्याला टोपी उडून वाळूत पडली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. मीसुद्धा मारली. स्वतःच्या नुकसानीवर इतका खूश मी पूर्वी कधी झालो नव्हतो.

एक बाजू झाली. पाणी होडीच्या सुकाणूला लागलं. दुसऱ्या बाजूचा नवा क्रॉस बसवताना मेस्त्रीनं एक टोपी माझ्या हातात दिली.

"नुसती धर. डोकं लावू नको."

लाट कुठवर आली ते बघायला मी वळलो आणि टोपी उपडी झाली. साऱ्या सुया वाळूत.

समालोचन थांबलं. त्यानं पाण्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. मावशीकडे पाहायचं टाळलं. मग स्कूटरजवळ गेला, भोंगा सोडला आणि छिन्नीनं त्याचा पाठीमागचा भाग फोडून आतलं लोहचुंबक काढलं.

"अरे, संध्याकाळी काय करशील?" मावशी म्हणाली.

"तोंड हाय ना."

चुंबक वाळूवरून फिरायला लागलं. आमच्या किनाऱ्याची काळी रेती त्याला झुपक्यानं चिकटली आणि तिच्यात एकेक सुई चमकायला लागली. "एक धाव. आणखी एक. चोरटी धाव." रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस लावून त्यानं सुया टोपीत बसवल्या. शेवटची सुई मावशीनं बोटांनी टिपून दिली.

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा दोर ताणला. चाकं वळली, वाळूत रुतली, मग त्यांनी पुन्हा पकड घेतली, आणि होडी सरपटत वर निघाली. मेस्त्री पाण्यात उभा राहून ओरडत होता. काय ओरडत होता ते इंजिनाच्या आवाजात मला कळलं नाही, पण मावशी डोळे पुसत हसत होती.

त्या संध्याकाळी त्यानं तोंडाला दोन्ही हात लावून अख्खा सामना सांगितला. पुढे आठवडाभर आवाज बसला. गॅरेज इतकं शांत झालं की गिऱ्हाइकं बंद समजून परत जायची. मी नवा भोंगा नेऊन दिला, तर त्यानं मागून पुढून पाहिला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "याचं चुंबक मोठं हाय ना? तू अजून गाडी चालवतोस."

दोन पावसाळ्यांपूर्वी मेस्त्री गेला. मैदानात आता नवा माणूस बोलतो. चांगलं बोलतो, पण त्याचे हात स्वच्छ असतात.

गेल्या महिन्यात माझा डावा क्रॉस पुन्हा अडकला. हल्ली मी गाडी विहिरीच्या पाण्यानं धुतो, तरी. शाफ्ट उतरवला, मावशीच्या अंगणात तिच्याच चुलीवर तापवला, गोटी टेकवली आणि हातोडा उचलताना तोंडातून आपोआप निघालं, "मंडळी, सामना रंगात आलाय." मंडळी म्हणजे एकटी मावशी, सुपात सुके बोंबील घेऊन निवडत बसलेली. मी घाव घातला. टोपी जागची हलली नाही. आवाज चढवून आणखी घातले. तशीच.

मावशीनं बोंबलाचं सूप माझ्यापासून लांब सरकवलं.

"तो बोलायचा तेव्हा टोपी उडायची," ती म्हणाली. "तू बोलतोस तेव्हा नुसती थुंकी उडते."