हा घामच आहे, काकू!

मीटिंग चालू आहे, मी म्यूटवर आहे आणि हे टाईप करतेय, कारण आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मी फुटेन. ऐका: मी गादीत शू करत नाही. कधीच करत नव्हते. काल संध्याकाळी ते सिद्ध झालं.

वारज्यात मी घरमालकीण काकूंकडे कॉट बेसिसवर राहते. म्हणजे खोली आपली नसते, खोलीतली एक कॉट आपली. गादी काकूंची, पंखा काकूंचा, मतंही काकूंचीच. दुसऱ्या कॉटवर सांगलीची रूममेट. ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ, काकूंची आमटी एक नंबर. ही कॉट गेली तर माझा पुण्यातला खेळ खल्लास.

तर, डिसेंबर. रूममेट दोन रजयांच्या आत, फक्त नाक बाहेर. आणि मी सकाळी उठले तर टी-शर्ट पिळावा असा. चादर ओली, उशी ओली, गादीवर माझ्या आकाराचा डाग.

"काय गं, कृष्णेत झोपलीवतीस काय?" रूममेट.

मला वाटलं, होतं एखाद दिवशी. पण ते रोजच व्हायला लागलं. आता मी अकोल्याची. पुण्यातले लोक एप्रिलमध्ये "काय ऊन आहे!" म्हणाले की "हे? हा तर आमचा फेब्रुवारी," असं म्हणून मी दरवर्षी भाव खाते. ती मी पुण्याच्या थंडीत घामाघूम होते, हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून पंखा पाचवर, गादी गुपचूप गच्चीवर, आणि कोणी विचारलंच तर, पाणी सांडलं.

एक दिवस काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या.

"परत पाणी?"

"हो काकू."

"बाटली बदल." मग चिमटा लावता लावता, "सहज विचारते हं. लहानपणी उशिरापर्यंत सवय होती का?"

कसली सवय, ते मला जिना उतरताना कळलं. मी जिन्यातच बसले.

संध्याकाळी चादरीखाली नातवाची प्लॅस्टिकची शीट. पिवळी, बदकं असलेली. "लाजायचं काय त्यात," काकू म्हणाल्या. "फक्त माझी गादी कापसाची आहे."

प्लॅस्टिकवर घाम जाणार कुठे? उलट जास्तच आला. सकाळी माझ्याखाली डबकं आणि त्यात बदकं. काकूंनी चादर उचलून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघ. वाईट मलाही वाटतंय, पण गादीचं जास्त."

"काकू, तो घाम आहे!"

"थंडीत?"

"हो!"

"पंखा पाचवर?"

"घामच हाय ओ काकू," रूममेट रजईतून ओरडली, "वास घिऊन बघा पायजे तर!"

केस तिथेच हरले.

मग मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंकडे गेले. तब्येतीसाठी नाही हं, पुराव्यासाठी.

"सर्टिफिकेट हवंय," मी म्हटलं.

"सिक लीव्हचं?"

"नाही. मला झोपेत घाम येतो, बाकी काही होत नाही, असं."

बाई हसल्या नाहीत. पेन ठेवलं आणि विचारत सुटल्या. ताप? नाही. खोकला? नाही. नवीन गोळी वगैरे सुरू केलीस? नाही. वजन?

"कमी झालंय!" मी खुशीत. ऑफिसात सगळे विचारतात, कुठलं डाएट करतेस गं?

"आणि भूक?"

"राक्षसाची. मिसळीनंतर डोसा खाते."

त्यांनी हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. पंखा बंद, तरी कागद फडफडत होता. मग नाडी धरली. "पळत आलीस का?"

"बसलेय की मघापासून."

तेव्हा पहिल्यांदा माझी टरकली. कारण आईनेही व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "काऊन थरथरते व तुया हात?" आणि मी म्हटलं होतं, नेटवर्क.

बाई म्हणाल्या, घाम जाड रजईनेही येतो, ते सोड. पण चादर पुन्हा पुन्हा भिजतेय, वर वजन आपोआप उतरतंय, तर तपासायलाच हवं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करायला लागली की गाडी उभी असूनही इंजिन फुल रेसवर. गरम होणारच. रक्त तपासलं. तेच निघालं.

काल रिपोर्ट आणि गोळ्या घेऊन थेट काकूंसमोर. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"थायरॉइड होय!" जसं काही मी बोर्डात आले. "मलाही आहे. माझा झोपलेला, तुझा पळतोय. आधी बोलायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"घामाची? आणि शू परवडली?"

रूममेट इतकी हसली की तिला ठसका लागला.

काकूंनी बदकांची शीट स्वतः ओढून काढली. "राहा. आईला सांगितलंस का? नाही? मग कर फोन. इथेच, माझ्यासमोर."

केला. आई आधी रडली, मग ओरडली, मग काकूंशी एवढा वेळ बोलली की माझा फोन गरम झाला. गोळ्या सुरू आहेत. घाम अजून येतो, वेळ लागेल म्हणाल्यात बाई. आज सकाळी गादी गच्चीवर नेली तर काकूंनी दुसरं टोक धरलं, वर "नीट उचल, फरपटतेय" हेही ऐकवलं.

आता तुम्ही बोला. थंडीत, पंखा फुल्ल, आणि सकाळी चादर पिळायच्या लायकीची, असं झालंय का तुमचं कधी? झालं असेल तर खरं सांगा, आधी कोणाला सांगितलंत?