मिरची खणत होती आणि खाली ट्रक उभा होता

मंडळी, आज आम्ही बंगळुरातच हेब्बाळहून सर्जापूर रोडला राहायला आलो. सामान पोहोचलं, पण माझा जीव थाऱ्यावर नाही.

आमच्याकडे मिरची आहे, कॅमेलिअन, म्हणजे रंग बदलणारी सरडी. कोंबडीसारखी ती नराशिवायही अंडी घालते. त्यासाठी ओल्या वाळूत खोल खड्डा खणते, आणि तेव्हा तिला कुणी पाहिलेलंसुद्धा खपत नाही.

नेमकं आज पॅकर्स दारात आले आणि मिरचीने टबातली वाळू उकरायला घेतली.

प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "अजिबात हलवू नका. अंडी आत अडकली तर जिवावर बेतेल."

पण आमच्या जागी येणारी नवी भाडेकरू सामानासकट खाली पोहोचली होती, कडेवर तान्हं बाळ घेऊन. "अक्का, स्वल्प वेट माडी," ताई, जरा थांबा म्हणून मी विनवलं. जिन्यातच बाळाला पाजत ती बिचारी दुपारपर्यंत थांबली. शेवटी मलाच बघवेना.

टब तसाच उचलून गाडीत ठेवला. मी चालवत होते, नवरा मागे टब धरून बसला होता. पहिल्याच स्पीडब्रेकरला तो ओरडला, "अगं, खड्डा ढासळला!"

मिरची बाहेर आली ती भेदरून काळीठिक्कर पडूनच.

आता संध्याकाळ झालीय. चादरी लावून तिला आडोसा केलाय, पण ती फांदीवर डोळे मिटून बसलीय. वाळूकडे फिरकतही नाही. डॉक्टरांनी उद्या सकाळी बोलावलंय. तोवर आमच्या हातात काहीच नाही.

तुमच्यापैकी कुणाची अशी अर्ध्यावर उठवलेली मादी पुन्हा खणायला लागली होती का? खोटं असलं तरी चालेल, आज फक्त 'हो' म्हणा.