रामनामाच्या चार वह्या

माझं लग्न झालं तेव्हा मला लिहिता-वाचता येत होतं, आणि सासरी या गोष्टीचं कुणालाही कौतुक नव्हतं. वडील वसमतला मास्तर होते. निजामाचा अंमल, म्हणून शाळेत उर्दू शिकवायचे आणि घरी मला मराठी. रोज सकाळी चार ओळी लिहिल्याशिवाय त्यांनी मला कधी दूध प्यायला दिलं नाही. एवढं शिकवून-सवरून त्यांनी मला हट्टा या गावापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात, चौदा माणसांच्या शेतकरी घरात देऊन टाकलं. ही साधारण सन छत्तीसच्या आसपासची गोष्ट.

चौदा माणसांच्या घरात सगळं मिळतं, एकटेपण तेवढं मिळत नाही. पाण्याला गेलं तर सोबत दोघी, शेतात गेलं तर चौघी, आजारी पडलं तर उशाशी सहा. मी मूळची तापट. दिवसभरात कुणी काही बोललं की ते पोटात धरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी भांडी आदळून बाहेर काढायचं, हा माझा क्रम. वर्षभरात घरातल्या निम्म्या पितळी भांड्यांना पोचे आले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ते पोचे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्याचाही मला राग यायचा.

आषाढी एकादशीला घरातल्या बायका चातुर्मासाचा नेम धरत. कार्तिकीपर्यंत चार महिने काहीतरी सोडायचं किंवा काहीतरी करायचं. थोरल्या जाऊबाईंनी वांगं सोडलं. त्यांना ते तसंही आवडत नव्हतं. नणंदेनं ताटाऐवजी पानावर जेवायचं ठरवलं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की मी रोज पहाटे आंघोळ करून, तुळशीवर ऊन येईपर्यंत मौन धरून रामनाम लिहीन. खरं सांगते, तेव्हा मनात लबाडी नव्हती. फक्त मौन हा शब्द उच्चारताना जीभ गोड झाली.

आत्याबाईंना नेम फार आवडला. देवाचं नाव हातानं लिहिणारी सून गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. त्यांनी धान्याची खोली झाडून सारवून घेतली, झरोक्याखाली पाट मांडला आणि घराला बजावलं, की सूनबाई आत असताना हाक मारायची नाही, दार ढकलायचं नाही, लेकरू रडलं तर उचलून परसात न्यायचं. पहाटेच्या दळणात माझी पाळी असायची. तिचं काय, असं जाऊबाईंनी विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, मी बसते. पन्नाशीची बाई माझ्या जागी जात्यावर बसली. माझ्या नवऱ्यानं वसमतच्या बाजारातल्या जिल्दसाजाकडून चार वह्या शिवून आणल्या. तो मुसलमान कारागीर, पण देवाचं नाव लिहायचं आहे म्हटल्यावर त्यानं आपणहून जाड पुठ्ठा घातला आणि वर लाल कापड चढवलं.

पहिले तीन दिवस मी प्रामाणिकपणे राम लिहिला. चौथ्या दिवशी पानाच्या मध्यावर हात चालता चालता घसरला आणि राम राम राम यानंतर मी लिहिलं, की काल नणंदेनं माझी भाकरी सगळ्यांसमोर वर धरून दाखवली आणि ती हसली. लिहून झाल्यावर मी घाबरले. पुढं दोन ओळी घाईनं राम लिहिला. पण त्या दिवशी नणंद समोर आली तेव्हा माझ्या हातून भांडं आदळलं नाही. राग कागदावर जाऊन बसला होता आणि तिथं तो अगदी एवढासा दिसत होता.

मग मी रोजच तसं लिहू लागले. आधी काल काय पाहिलं ते, मग काय खुपलं ते, आणि शेवटी, हे फार जड जायचं, माझं काय चुकलं ते. महिनाभरात राम वहीतून पार गेला. बाहेर जात्याची घरघर, गोठ्यातल्या घंटांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, आणि आत मी एकटी. त्या तासाभरात माझ्याकडे कुणाचं काही काम नसायचं. त्यामुळं उरलेल्या दिवसात मला माणसं दिसायला लागली. जाऊबाई फटकळ आहेत, पण लहानग्या दिराला ताप आला की रात्रभर त्याच बसतात, हे मला त्या घरात दीड वर्ष राहून दिसलं नव्हतं. लिहायला लागल्यावर दिसलं.

सगळ्यात जास्त दिसल्या त्या आत्याबाई. सुरुवातीच्या पानांवर मी त्यांना दगड म्हटलंय. ही बाई हसत नाही, रडत नाही, दगड आहे, असं स्वच्छ अक्षरात. पुढच्या पानांवर मात्र त्या कालवण संपलं असताना कोरडी भाकरी पाण्याबरोबर कशा खातात आणि कुणी पाहिलं तर पोटात जागा नाही म्हणून कशा सांगतात, ते आहे. माझ्या आयुष्यात मी इतक्या बारकाईनं दुसऱ्या कुठल्याच माणसाकडे पाहिलं नाही. आणि जितकं पाहिलं तितकी माझी मान खाली गेली.

घटस्थापना झाली आणि पेच पडला. देवळात पोथी सांगणाऱ्या बुवांनी जाहीर केलं, की कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी या घरच्या सुनेनं लिहिलेलं रामनाम वाजतगाजत नेऊन पूर्णेला अर्पण करायचं. चातुर्मासाचं लिखाण असं नदीत सोडायची तिकडं रीतच होती. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चारही वह्या भरत आल्या होत्या. त्या नदीत गेल्या असत्या तर माझे चार महिने गेले असते. आणि सोडण्याआधी बुवांनी पूजेसाठी त्या उघडल्या असत्या, हे तर त्याहून वाईट. देवाच्या नावावर खोटा नेम केला म्हणून आत्याबाईंना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. माझी पहाट बंद झाली असती ती कायमचीच.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे कापूस वेचायला गेले होते. घरात आत्याबाई आणि मी. त्या डाळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं.

त्यांचा हात थांबला.

"रामाचं न्हाई, तर कुनाचं हाय त्यात?"

"माझं," मी म्हटलं. "आणि आपल्या घराचं."

"वाच."

मी वही आणली आणि वाचायला लागले. जात्यावर माझ्याऐवजी बसलेल्या बाईला मी तो तास कुठं घातला ते वाचून दाखवत होते. दगडाचं पान आलं तेव्हा मी चार ओळी गिळल्या. त्यांच्या ते बरोबर लक्षात आलं. गाळू नगं, म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"दगडच हाय की मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "एवढी मानसं कपडे कशावर आपटतीन मग?"

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग पुढचं वाचायला सांगितलं. तीन दुपारी हे वाचन चाललं. कोरड्या भाकरीचं पान ऐकून त्या उठून परसात गेल्या आणि तोंड धुऊन परत आल्या. शेवटचं पान झालं तेव्हा त्यांनी विचारलं, की राम लिहायला किती अक्षरं लागतात.

मी म्हटलं, दोन.

"मंग दाव मला ती. नेम देवाचा हाय, त्यो खोटा पडू द्यायचा न्हाई. आन् तुजं बी पान्यात घालायचं न्हाई."

मी आजपर्यंत शहाणी म्हणवणारी पुष्कळ माणसं पाहिली. माझी चूक चुलीत घालणारा कुणीही भेटला असता. मला माफ करणाराही एखादा भेटला असता. चूक माझी आणि ती खरी करून दाखवायची मेहनत आपली, असं ठरवणारी ती एकच बाई मी पाहिली. तेसुद्धा डाळ निवडता निवडता.

परातीत ज्वारीचं पीठ पसरून मी त्यांना बोटानं अक्षरं गिरवायला लावली. त्यांचा र विळ्यासारखा यायचा आणि म कधी उजवीकडे तोंड करून, तर कधी डावीकडे. आठ दिवसांत त्या कागदावर आल्या. बोरू त्या खुरप्यासारखा धरत. अक्षरं आवळ्याएवढी, त्यामुळं पानावर आठ-दहाच राम मावायचे. ते आमच्या पथ्यावर पडलं, वह्या लवकर भरायला लागल्या. आणखी चार वह्या हव्यात म्हटल्यावर माझा नवरा चकित होऊन म्हणाला, एवढा राम लिहून राहिली तू? मी मौनात असल्यासारखं केलं. माझ्या वह्या भरतील तशा ज्वारीच्या बळदात, भिंतीतल्या कोठीत, तळाशी गेल्या. त्या अजून माझ्याकडे आहेत, अजून त्यांना त्या दाण्याचा वास येतो.

आत्याबाईंनी घरात सांगितलं, की शेवटचा महिना मीसुद्धा सूनबाईजवळ मौनात बसणार. मग पहाटे धान्याच्या खोलीत आम्ही दोघी. मी माझ्या वहीत, त्या त्यांच्या. बाहेर घराची दैना उडाली. दूध उतू जाऊ लागलं, जाऊबाई जात्यावर बसून देवाला ऐकू जाईल अशा आवाजात कुरकुरू लागल्या. एकदा मामंजींनी तंबाखूच्या डबीसाठी तीनदा हाक मारली. चौथ्यांदा ते दारापर्यंत आले. आत्याबाईंनी मान वर केली नाही. म ची गाठ वळवत होत्या. मामंजी परत गेले आणि डबी त्यांना त्यांची सापडली. ती रोज त्यांच्या उशाखालीच असायची.

कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी पखवाज-टाळांत आत्याबाईंच्या चार वह्या निघाल्या; आठातल्या बाकीच्या चार कुठं, हे कुणी मोजलं नाही. बुवांनी पूजा करून एक वही उघडली आणि अक्षरं पाहून म्हणाले, केवढ्या भक्तीनं लिहिलंय, एकेक राम कसा भरीव. बायका माझ्या पाया पडायला लागल्या. आत्याबाई मागे पूजेचं ताट धरून उभ्या होत्या. मला ते सहन होईना. हे माझं नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट दाबलं, चांगलं दुखेल असं.

सिद्धेश्वरचं धरण तेव्हा नव्हतं. कार्तिकात पूर्णा उथळ आणि नितळ असायची. वह्या लगेच बुडाल्या नाहीत. पानं पाण्यावर उघडत गेली आणि शाई हळूहळू सुटली. माणसं परतायला लागली तरी आत्याबाई काठावरच होत्या. आयुष्यात पहिल्यांदा हातानं लिहिलेलं त्यांनी नदीला दिलं होतं, आणि ते त्यांचं आहे हे मला सोडून कुणालाही माहीत नव्हतं.

नेम संपला. दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून जात्यापाशी गेले. पाळी माझी होती आणि चार महिन्यांची बाकीही माझ्याच मनावर होती. आत्याबाई कुठं दिसेनात. चुलीपाशी नाहीत, गोठ्यात नाहीत. धान्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत पाटावर त्या बसल्या होत्या. वही नाही, बोरू नाही, हात मांडीवर रिकामे. मला वाटलं, त्या विसरल्या.

"आत्याबाई, नेम संपला काल," मी म्हटलं.

"ठाव हाय."

त्या उठल्या नाहीत. मी दारातच उभी राहिले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली मला ह्या घरात येऊन. ह्या एका महिन्यात सकाळच्याला कुनाच्या हाकंला मी ओ दिली न्हाई. आता काय करू, पोरी? कोनता नेम धरू, म्हंजी मला अशी बसू देतीन?"

मी दार ओढून घेतलं आणि जात्यावर जाऊन बसले. जाऊबाई डोळे चोळत आल्या आणि आत्याबाई कुठं आहेत म्हणून विचारू लागल्या. मी सांगितलं, त्या मौनात आहेत, त्यांनी नवा नेम धरलाय.

"किती दिवसांचा?" त्यांनी विचारलं.

"जन्माचा," मी म्हटलं, आणि जात्यात मूठ टाकली.