चोरखमाऱ्याला गेलेली माणसं

केशोरीत कुंताबाई पटलेंना टीव्हीचं जेवढं वेड होतं, तेवढं गावात कुणाला कशाचंच नव्हतं. आणि गंमत अशी की कुंताबाईंना दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी डावा डोळा नेला, दोन वर्षांनी उजवा. आंधळीला टीव्ही कशाला, असं कुणी तोंडावर विचारलंच तर त्या म्हणत, "तुले दोन डोळे आहेत नं? मंग तुले काय समजलं ते सांग!" विचारणाऱ्याला कालचा भाग धड आठवत नसे. कुंताबाईंना मात्र मागच्या वर्षीचा आठवे.

जाहिराती तर सगळ्या तोंडपाठ. पहिला सूर वाजला की त्या सांगत, ही साबणाची, ही सिमेंटची, ही गुडघे दुखणाऱ्या बाईची. पैसे गुंतवायच्या जाहिरातीच्या शेवटी एक माणूस भरभर जोखमीचं काहीतरी बोलून टाकतो, तेही त्या एका दमात म्हणून दाखवत आणि वर विचारत, "याच्या मागं कुत्रं लागलं का गा?" सून रविता स्वयंपाकघरात हसून हसून बेजार होई. सासू-सुनेचं गूळपीठ होतं असं नाही, पण टीव्हीपुरतं दोघींचं बरं जमे.

दिसण्याचं काम कुंताबाईंनी नवऱ्याकडे दिलं होतं. बिसनलाल पटले हे मुळात धानाच्या बांधीत रमणारे गृहस्थ. टीव्ही त्यांना बघवत नसे. तरी संध्याकाळी सात वाजले की ते हातपाय धुऊन यायचे, बायकोच्या प्लास्टिकच्या खुर्चीशेजारी आपला लाकडी स्टूल ओढायचे आणि बसायचे.

"काय चालून राहिलं जी?"

"धाकटी सून जिन्यावर उभी आहे. हिरवं लुगडं. हातात चिठ्ठी आहे, अन् पदरानं नाक पुसून राहिली."

"वाचते का चिठ्ठी?"

"नाही. तिच्यापेक्षा तुलेच घाई आहे."

असं रोज. वर्षानुवर्षं. बिसनलाल खरं तेच सांगायचे, एक गोष्ट सोडून. मालिकेतल्या धाकट्या सुनेचा बाप वारला, तेव्हा कुंताबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. तेव्हापासून बिसनलालांनी कानाला खडा लावला. मालिकेत कुणीही मेलं की ते शांतपणे सांगायचे, "तो चोरखमाऱ्याला गेला."

चोरखमारा म्हणजे कुंताबाईंचं माहेर. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या तलावाकाठचं गाव. केशोरीहून एसटी बदलत बदलत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. डोळे गेल्यापासून त्यांचं तिकडे जाणं झालंच नव्हतं. त्या तलावाचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उजळे, म्हणून बिसनलाल मालिकेतल्या समस्त मृतांना तिकडे पाठवत.

"मंग हे सारे रडून कायले राहिले?" कुंताबाई विचारायच्या.

"निरोप देऊन राहिले. निरोप देतानी रडत नाही का माणसं?"

"खरं आहे बाप्पा. पण माझ्या भावाच्या घरी आता बसाले जागा नसंल."

रविताला हे सगळं फार गोड वाटायचं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणे, सासूला मामीजी. नवऱ्याला, धनेंद्रला, ती चिडवायची, "पाहा, मामाजी कसे सांभाळतात. नाही तं तुमी!"

एकदा मालिकेत धाकट्या सुनेचा आवाजच बदलला. कुंताबाई ताडकन म्हणाल्या, "हे ते पोरगी नाही." बिसनलालांनी समजावलं की ती नटी सोडून गेली, तिच्या जागी दुसरी आली. गोष्ट तीच, माणूस नवं.

"असं कोणीबी चालते का?"

"चालते. जागा भरली पाहिजे. तिथं उभं राहाले कोणीतरी तयार असलं की खेळ पुढं जाते."

कुंताबाईंनी बराच वेळ विचार केला आणि मग नव्या आवाजाशी जुळवून घेतलं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर बिसनलाल झोपेतच गेले. बायकांनी गळा काढला, पण कुंताबाई रडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या गार हातावरून हात फिरवला आणि विचारलं, "चोरखमाऱ्याला गेले नं?" म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं रविताला वाटलं आणि तिला रडू आवरेना.

तेरा दिवस टीव्ही बंद होता. चौदाव्या दिवशी सातच्या ठोक्याला कुंताबाई म्हणाल्या, "लाव वं रविता." रविताचे हात पिठात होते. टीव्ही लावून ती कणीक मळायला परत गेली. हातासरशी काम उरकून आपणच शेजारी बसू, चार गोष्टी सांगू, असं तिच्या मनात होतं.

आतून सासूचा आवाज आला. "हो... पिवळं लुगडं... विहिरीपाशी? एकटीच?"

रविता पिठाच्या हातांनी दारात आली. पडद्यावर पिवळ्या साडीतली बाई विहिरीच्या काठावर उभी होती. कुणी बोलत नव्हतं, नुसतं संगीत चाललं होतं. बिसनलालांचा स्टूल खुर्चीला लागून होता. तो तिथे कुणी ठेवला, हे रविताला आठवेना.

"मामीजी, तुमाले दिसते का?"

"मले कायचं दिसते वं? हे सांगून राहिले नं."

धनेंद्रनं ते हसण्यावारी नेलं. इतकी वर्षं ऐकून ऐकून मायला अंदाज येत असेल, म्हणाला. रविताला ते पटवून घ्यायचं होतं, खरंच घ्यायचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं आवाज पूर्ण बंद केला आणि जंगलातल्या जनावरांचं चॅनल लावलं, जे या घरात कधी कुणी पाहिलं नव्हतं.

कुंताबाई खुर्चीत टेकून ऐकत राहिल्या. आवाज नसलेल्या खोलीत त्या ऐकत होत्या. "नदी आहे," त्या म्हणाल्या. "गढूळ पाणी. हरण येऊन राहिलं प्याले. अन् पाण्यात मगर." पडद्यावर तसंच होतं. मगरीनं झडप घातली, पाणी उसळलं आणि शांत झालं.

"हरण चोरखमाऱ्याला गेलं," कुंताबाई म्हणाल्या.

बाकी सगळा अंदाज म्हणून सोडून देता आला असता. पडद्याकडे बघून हे वाक्य सांगणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याची राख तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी नदीत सोडली होती.

भ्यालेलं माणूस हाताला लागेल ते करतं. रवितानं छतावरच्या डिशच्या छत्रीची वायर उपटून टाकली आणि सासूला सांगितलं की लाइन बिघडली आहे. टीव्ही नाही तर सांगायलाही कुणी येणार नाही, असा तिचा हिशेब. पण करायला गेलो एक आणि झालं भलतंच, म्हणतात ना, तसं झालं.

कुंताबाईंनी तक्रार केली नाही. सात वाजता त्या काळ्या पडद्यापुढे बसत राहिल्या. तीन दिवस गप्प होत्या. चौथ्या दिवशी बोलल्या.

"रविता दारात उभी आहे. हातात सूप आहे. पदर खोचला आहे, अन् भ्याली आहे."

रविता दारात उभी होती. हातात सूप होतं.

"धनेंद्र फाट्यावर आला. गाडी थांबवून ईश्वरदाससंगं बोलून राहिला."

पाव तासानं धनेंद्र घरी आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, फाट्यावर ईश्वरदास भेटला होता, त्याची बडबड काही सरत नाही. मालिका बंद केली तर आता त्या पडद्यावर घरच लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात कुंताबाई म्हणाल्या, "दुधरामची पांढरी गाय चोरखमाऱ्याला गेली." सकाळी शेजारच्या दुधरामच्या गोठ्यात गाय मरून पडलेली सापडली. चांगली धष्टपुष्ट गाय होती.

रवितानं त्याच दुपारी छत्रीची वायर परत जोडली. संध्याकाळी मालिका सुरू झाली, धाकटी सून बोलायला लागली. कुंताबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "आवाज कमी कर वं. मले घरचं आयकू दे."

त्या दिवसापासून रविताला जगात एकाच गोष्टीची भीती राहिली. त्या वाक्यात धनेंद्रचं नाव येऊ नये. सात वाजायच्या आत नवरा घरात, आपल्या डोळ्यांसमोर असावा, म्हणून ती काय काय कारणं काढायची. आज पाहुणे येणार, आज सिलिंडर संपला, आज माझं डोकं दुखतं. धनेंद्र कधी चिडायचा, कधी हसायचा, पण यायचा.

धानाचे दिवस आले. चुरणे, म्हणजे मळणी, आटोपली आणि धनेंद्र ट्रॅक्टर-ट्रॉलीत पोती भरून अर्जुनी मोरगावच्या खरेदी केंद्रावर गेला. पाचपर्यंत येतो म्हणाला. पाच वाजले, सहा वाजले. फोन लागत नव्हता. सात वाजता कुंताबाईंनी हाक मारली नाही, काही नाही, आपल्या आपण चाचपडत खुर्चीत येऊन बसल्या. रवितानं टीव्ही लावलाच नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"धनेंद्र निघाला," कुंताबाई म्हणाल्या. "ट्रॉली रिकामी आहे. गाणं म्हणून राहिला."

रविताचा जीव थोडा भांड्यात पडला.

"उपाशी आहे. घाईत आहे. नाल्याचा पूल आला."

आणि त्या थांबल्या. त्यांचं तोंड हळूहळू स्टुलाकडे वळलं.

"मंग?" रविता म्हणाली. "मामीजी, मंग काय?"

"नाही जी," कुंताबाई स्टुलाला म्हणाल्या. "असं नोका बोलू."

रविताला कळायचं ते कळलं. तिनं रिकाम्या स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी धरले. "मामाजी, पाया पडते तुमच्या. मामाजी!" लाकूड उन्हात ठेवल्यासारखं कोमट होतं.

"तू चूप राय रविता," कुंताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा होता, नवऱ्याशी उभ्या जन्मात न वापरलेला. "चोरखमारा कोणाचं माहेर आहे जी? माझं. त्याचं तिथं काय काम? तुमी समजले होते का मले माहीत नाही म्हणून? मी आंधळी आहो, बहिरी नाही. निरोपाचं रडणं अन् मयताचं रडणं मले समजत नाही? पहिल्या दिवसापासून समजत होतं. तुमी माझ्यासाठी एवढं खोटं बोलत होते, म्हणून मी चूप राहिली. तुमाले बरं वाटे."

त्यांनी हात लांब करून स्टुलावर ठेवला.

"आता एक आयका माझं. त्याच्या जागी मले उभी करा. तुमीच सांगितलं होतं नं, कोणीतरी तयार असलं की झालं? मी तयार आहो."

मग त्यांनी कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली, बाजारात भाव पटल्यावर डोलावत तशी. पदर डोक्यावरून नीट घेतला. एसटीत चढताना त्या असाच घ्यायच्या.

"अवं रविता," काही वेळानं त्या म्हणाल्या, "तलाव किती भरला आहे पाय! पार पायऱ्यांपर्यंत पाणी. अन् माणसं तं किती! धाकट्या सुनेचा बाप आहे. दुधरामची गायबी आहे." या वेळी ‘हे सांगून राहिले’ असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचे पांढरे डोळे काळ्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, बघणाऱ्या माणसाचे फिरतात तसे.

रविता स्टुलाचे पाय धरूनच बसून राहिली. केव्हातरी ते लाकूड गार पडलं. खुर्चीकडे बघायचं धैर्य तिला झालं नाही.

बाहेर मोटरसायकल थांबली. कुणीतरी धनेंद्रला सोडून गेलं. तो दारात आला तेव्हा चिखलानं माखलेला होता, कोपर सोललेलं, दात वाजत होते.

"ट्रॅक्टर गेला नाल्यात," तो म्हणाला. "पुलावर टायर फुटला. मी संगंच जात होतो, रविता. अन् कोणीतरी मागून बखोट धरून ओढलं. खरंच सांगतो, ओढलं. मी काठावर पडलो अन् ट्रॅक्टर खाली. पाहिलं तं मागं कोणीच नाही." त्यानं रविताच्या तोंडाकडे पाहिलं. "तू काऊन रडून राहिली? माय कुठं आहे?"

रवितानं खुर्चीकडे पाहिलं. कुंताबाई डोक्यावर पदर घेऊन, मान किंचित स्टुलाच्या बाजूला कलवून बसल्या होत्या. पुढे काय झालं, हे ऐकताना त्या रोज अशाच बसायच्या.

"मामीजी चोरखमाऱ्याला गेल्या," रविता म्हणाली.

धनेंद्रनं वर्षानुवर्षं बापाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं होतं. तो चिखलाच्या कपड्यांनिशी उंबऱ्यावरच बसला.