अर्धेलीनं दिलेली कॉमिक्स

आयुष्यात मी एकदाच गुंतवणूकदार झालो, तेही चड्डी पँटवरून घालणाऱ्या माणसांच्या जिवावर.

कळंबला माझं स्टेशनरीचं दुकान आहे. तिथं वह्या कमी खपतात आणि माझ्या गोष्टी जास्त, असं बायको म्हणते. गणपतीतल्या नाटकांत मी वर्षानुवर्षं राजा झालो. त्यामुळं समोरच्या हॉटेलात दोन चहा सांगतानाही माझा हात आपोआप हवेत जातो आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. ही सवय पुढं मला महागात पडणार होती.

एका दुपारी मोबाइलवर बातमी वाचली. लहानपणी आम्ही हिंदी कॉमिक्स वाचायचो, त्यांतल्या एका मुखवटेवाल्या वीरावर मोठा सिनेमा निघणार होता. खाली लिहिलं होतं की जुन्या अंकांना आत्तापासूनच मागणी आहे, सिनेमा आला की भाव आणखी चढतील. ज्या अंकाला आम्ही स्टँडजवळच्या टपरीवर दिवसाचं चार आणे भाडं देत होतो, तो अंक आता चांगल्या शेळीच्या किमतीला जात होता. मी दुकानात एकटाच हसलो. मग शटर ओढलं आणि निघालो.

काय ते दिवस होते म्हणून सांगू. रद्दीवाल्यांच्या गोदामांत बसून मी शिंकलो. बंद पडलेल्या लायब्रऱ्यांचे मालक शोधून काढले. उमरग्याला एक डॉक्टर दवाखाना बंद करत होते, तिथं पेशंटच्या पोरांसाठी ठेवलेला अख्खा गठ्ठा बाकड्याखाली सापडला. कंपाउंडरनं विचारलं, “काय करणार हो याचं?” मी म्हणालो, “राज्य.” त्यानं माझ्याकडं बघून हळूच गठ्ठा पुढं सरकवला.

आता ठेवायचं कुठं? दुकानाच्या मागं ओल, घरी बायको. म्हणून मी सगळा माल घेऊन तामलवाडीला थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं गेलो. मला हिंदी वाचायला तिनंच शिकवलं, ते याच कॉमिक्सवर. वीराचे संवाद ती म्हणायची आणि राक्षसाचं हसणं माझ्याकडं असायचं. तिच्या घरी आतली खोली कोरडी खडखडीत आहे. वर्षाची ज्वारी तिथं राहते आणि एका दाण्याला कीड लागत नाही. अक्काचा हात तसा आहे.

मी म्हणालो, “अक्का, अर्धेलीनं सांभाळ.”

आमच्याकडं शेळी अशी देतात. शेळी एकाची, चारापाणी दुसऱ्याचा, आणि जे वाढेल ते निम्मं निम्मं. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, ओसरीवर सुपारी कातरत होते.

“शेळी वीत तरी असती, पाव्हणं,” ते म्हणाले. “ही काय देणार?”

“सिनेमा येऊ द्या दाजी, जुळं देतील.”

दाजी हसले, पण अक्का हसली नाही. तिनं एकेक अंक पुसून लोखंडी पेटीत लावला आणि पेटीखाली विटा दिल्या.

मला सोडायला रस्त्यापर्यंत आली तेव्हा तिनं सांगितलं, “माझ्या वाट्यातनं म्या पिठाची गिरणी घेणार. घरातच, छोटी.”

“दाजींना सांगितलंस?”

“त्यांला कशाला? ते न्हाय म्हणत न्हाईत रे. पण प्रत्येक येळी ‘कशाला’ म्हणून इचारतेत. एक तरी गोष्ट अशी पायजे, जिला ‘कशाला’ लागत न्हाय.”

दाजी माणूस वाईट नाहीत. पण घरातलं दूध, तूर, सोयाबीन, सगळ्याचा पैसा त्यांच्या खिशातून फिरतो, आणि अक्कानं आयुष्यभर चपलेपासून चष्म्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचं कारण दिलेलं आहे. पुढच्या खेपेला गेलो तर ओसरीचा एक कोपरा रिकामा केलेला होता आणि भिंतीवर जाड वायरीचं नवं बटण बसलं होतं. दाजींनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “बघा तर.” इतक्या ऐटीत ती कधी बोलली नसेल.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी पेटी उघडून बघितली. कडू, हिरवा वास नाकात घुसला. प्रत्येक अंकाच्या पानापानांत अक्कानं कडुनिंबाचा ताजा पाला घातला होता. डहाळ्या नाहीत, पानं एकेक करून, ओळीनं.

“कसर लागत न्हाय,” ती म्हणाली. “ज्वारीत घालती तसाच घातला. बरोबर हाय ना रं?”

तोवर पाला हिरवागार होता, डाग कुठंच दिसत नव्हता. मी कमरेत वाकून मुजरा केला. “महाराणी, खजिना सुरक्षित आहे.” तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला, पण दिवसभर खुशीत होती.

सिनेमाची पहिली झलक आली आणि भाव खरोखर चढले. पुण्याच्या एका संग्राहकाशी माझं बोलणं झालं. सगळा माल एकदम घेतो म्हणाला आणि स्वतः गाडी घेऊन तामलवाडीला आला. अक्कानं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. शेजारचे दोघंतिघं आपसूक येऊन टेकले. पुण्याच्या माणसानं हातमोजे घातले, तेव्हा दाजी मला हळूच म्हणाले, “बाळंतपण करतोय का काय ह्यो?”

त्यानं पहिला अंक उघडला. पाला केव्हाच वाळून चुरा झाला होता, पण जाताना आपली खूण ठेवून गेला होता. वीराच्या गालावर कडुनिंबाचं पान उमटलं होतं, तपकिरी, कातरलेल्या कडेसकट, शिरा न् शिरा दिसेल असं. दुसऱ्या पानावर त्याच्या छातीवर. तिसऱ्यावर आभाळात. त्यानं दुसरा अंक घेतला, मग तिसरा. मग पेटीच्या तळाचा एक काढून बघितला आणि हातमोजे काढायला लागला.

“कीड मात्र कुठंच नाही,” तो म्हणाला. सभ्य माणूस होता. “वाचायला उत्तम आहेत.”

चहा पिऊन तो गेला. कुणी उठेना. दाजी शांतपणे म्हणाले, “पाला घालायच्या आधी इचारायचं तरी कुणाला.”

मी उभा राहिलो. “दाजी, मला विचारलं होतं तिनं. मी पाहिला होता पाला. मीच शाबासकी दिली.”

शब्द खरे होते. पण सवयीनं हात छातीवर गेला आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. शेजारी हसायला लागले. दाजीही हसले. “बसा पाव्हणं बसा, पडदा पडला.”

“नाटक न्हाय दाजी, शप्पत.”

हे तर आणखीनच चांगलं वठलं. एकानं टाळी वाजवली. मी अक्काकडं बघितलं. तिला माहीत होतं. ती पेटीत अंक परत लावत होती, मान वर न करता म्हणाली, “त्याला काय कळतंय. म्याच घातला.”

सिनेमा आला, चालला आणि गेला. भाव अजून उतरलेले नाहीत. ही गोष्ट मी कळंबला दुकानात रंगवून सांगतो, हातमोजे घालण्याच्या नकलेसकट, आणि लोक पोट धरून हसतात. दळण घेऊन अक्का अजून गावातल्या गिरणीवर जाते, हे त्यात येत नाही.

यंदा भाऊबीजेला दाजींचे सोलापूरचे व्याही आले होते. ओसरीच्या त्या कोपऱ्यात आता तुरीची पोती आहेत. जेवणं झाल्यावर दाजी मला म्हणाले, “सांगा की पाव्हणं, ती कॉमिक्सची गंमत.”

“विसरलो,” मी म्हणालो.

“तुमी? अन् इसरले?”

तेवढ्यात अक्का चहा घेऊन बाहेर आली. “म्या सांगते,” म्हणाली, आणि ताट मांडीवर घेऊन खाली बसली. फार छान सांगितली तिनं. पुण्याच्या माणसाचा चेहरा करून दाखवला. आपण पानं कशी एकेक करून, जिभेला बोट लावून घातली, ते दाखवलं. ‘येडी बाई, ज्वारी अन् पुस्तकातला फरक कळंना,’ म्हणाली. व्याह्यांना ठसका लागला. दाजी डोळे पुसत कौतुकानं तिच्याकडं बघत होते.

ती सांगत असलेल्या गोष्टीत मी दिवाळीला आलोच नव्हतो. पेटी उघडलीच नव्हती.

मी तोंड उघडलं, तर तिनं चहाचा कप माझ्यापुढं धरला. “घे,” म्हणाली, “निवतोय.”